वर्गातून वृद्धाश्रमात : एका धर्मभगिनीचा अनुभव

अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर १९६८ मध्ये मी एका कॅथलिक धर्मसंघात प्रवेश केला. आमचे घर वसईचे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ मध्ये झाला. आमची केळीची आणि पानवेलीची बागायत होती, घरात आम्ही सामवेदी बोली म्हणजे कादोडी बोलत असू आणि तिन्हीसांजेला सगळे कुटुंब जपमाळेसाठी एकत्र बसत असे. शाळेतली मराठी आणि घरातली बोली यांतले अंतर मला लहानपणीच कळले होते. ते अंतर मी कवितांच्या आणि पाढ्यांच्या आधारे ओलांडले, कारण पाठ केलेले म्हणताना कोणी माझ्या उच्चारांवर हसत नसे. पुढे पन्नासहून अधिक वर्षे जे काम केले, त्याचा धागा मला तिथेच सुरू झालेला दिसतो, म्हणून हे आधी सांगितले.

धर्मभगिनी कसे होतात, असे ठाण्यातील माझे सहशिक्षक आणि पालक नेहमी विचारत असत. आधी काही काळ उमेदवार म्हणून मठात राहायचे असते. त्यानंतर नोव्हिशिएट म्हणजे व्रतपूर्व साधनेचा काळ येतो. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेनुसार, तो किमान बारा महिन्यांचा असतो. पुढे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मर्यादित मुदतीसाठी घ्यायची, ती मुदत साधारणपणे तीन ते सहा वर्षांची असते, आणि मग एकवीस वर्षे पूर्ण झालेली असतील तर आजन्म व्रते घेता येतात. आमची पिढी आली तेव्हा जुनी संहिता लागू होती, तरी क्रम बहुतांशी हाच होता. मुलीने मागे फिरण्याची वाट या प्रत्येक टप्प्यावर मोकळी असते, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी काहीजणी घरी परतल्या, त्यांचे संसार झाले आणि आजही आमचे येणेजाणे आहे.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली होती आणि तिचे परिणाम आमच्या मठापर्यंत नुकतेच पोहोचत होते. मिस्सा, म्हणजे आमची मुख्य सामूहिक उपासना, लॅटिनमधून मराठीत आली होती. आम्ही नवशिक्या मुली सगळी उपासना मराठीत करत होतो, आणि त्याच छताखाली वृद्ध भगिनींच्या खोल्यांत लॅटिन अजून जिवंत होते. त्या खोल्यांमध्ये सेवेची आमची पाळी असे. तिथे अंथरुणाला खिळलेली एक भगिनी होती. तिला आपले नाव सांगता येत नसे, सकाळ की संध्याकाळ हे उमगत नसे आणि साधे पाणी मागायलाही शब्द सापडत नसत. पण संध्याकाळी कोणी ‘साल्वे रेजिना’ या मरियामातेच्या लॅटिन स्तवनाचा पहिला शब्द उच्चारला की ती ते संपूर्ण स्तवन शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता म्हणत असे. आम्हा मुलींना तो चमत्कार वाटला. तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका भगिनीने आम्हाला सांगितले की जे शेकडो वेळा आवाजाने म्हटले जाते, ते सर्वांत शेवटी जाते. ते वाक्य मी लक्षात ठेवले, पण त्याचा उपयोग करण्याची वेळ चाळीस वर्षांनी आली.

पहिल्या व्रतांनंतर मी डी.एड. केले आणि माझी नेमणूक ठाण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत झाली. ठाणे तेव्हा कारखान्यांचे शहर होते. एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटला उभी राहिली होती आणि तिच्याभोवती किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या वाढत होत्या. आमच्या वर्गातील मुलांचे वडील तीन पाळ्यांत काम करत, आया घरी बसून पॅकिंगची कामे घेत आणि अनेक घरांत शाळेची पायरी चढणारे ते पहिलेच मूल असे. येऊरच्या पाड्यांवरून वारली मुलेही खाली उतरून येत. एका वर्गात साठ-साठ मुले असत. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली होती आणि तिची पुस्तके नवी होती, परंतु पुस्तकातील मराठी आणि वारली पाड्यावरील मुलाची भाषा यांत माझ्या कादोडीइतकेच अंतर होते. त्यामुळे मी पहिली-दुसरीच्या वर्गात भरपूर म्हणून घेत असे : पाढे, बडबडगीते, म्हणी, कविता. अर्थ नंतर समजावत असे आणि तो समजावल्याशिवाय कधीही सोडत नसे. परंतु आधी मुलाच्या तोंडी भाषा बसली पाहिजे, हा माझा आग्रह होता. लाजून मान खाली घालणारे मूल सर्वांच्या आवाजात आपला आवाज मिसळते आणि काही आठवड्यांनी एकटे उभे राहून म्हणू लागते, हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिले आहे की त्याविषयी माझ्या मनात कसलीही शंका उरलेली नाही.

वेतनाबद्दलही विचारणा होते, म्हणून तेही सांगते. अनुदानित शाळेतील भगिनीचा पगार तिच्या नावाने निघतो, पण दारिद्र्याच्या व्रतामुळे तो धर्मसंघाकडे जातो आणि संघ तिच्या गरजा भागवतो. अशा वेतनातून उगमस्थानी कर कापला जावा की नाही, हा वाद अनेक वर्षे न्यायालयात होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कापला जावा असे स्पष्ट केले. मला हा निर्णय योग्य वाटतो. व्रत माझे आणि देवाचे आहे. पगार शासनाच्या तिजोरीतून येत होता.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. आज्ञापालनाच्या व्रताप्रमाणे पुढील नेमणूक वरिष्ठ भगिनींनी ठरवली आणि मी ठाण्याची खाडी ओलांडून नवी मुंबईतील आमच्या वृद्धाश्रमात आले. शिक्षिकेचे काम सोडून अंथरुणे बदलण्याचे काम कसे करणार, असे माझ्या बहिणीने काळजीने विचारले होते. त्या वेळी मला जीन जुगान यांची आठवण झाली. फ्रान्समधील सेंट-सर्व्हान गावात १८३९ च्या हिवाळ्यात या कष्टकरी बाईने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला घरी आणले, तिला स्वतःचा पलंग दिला आणि त्यातून गरीब वृद्धांची सेवा करणारा एक मोठा धर्मसंघ जन्मला. आमचा संघ वेगळा आहे, तरीही २००९ मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले तेव्हा आमच्या आश्रमात तो दिवस आम्ही आनंदाने साजरा केला. स्वतःचा पलंग देणे ही कृती मला कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक स्पष्ट वाटते.

शुश्रूषेचे काम मी एका तरुण परिचारिका भगिनीकडून शिकले. ती वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी होती, पण या कामात ती माझी गुरू होती. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला सहसा दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते. टाचा, माकडहाड, खुबे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात तपासायची असते. आणि लालसर झालेल्या जागी बोट दाबून उचलल्यावर लाली क्षणभरही फिकट झाली नाही, तर तिथे शय्याव्रणाची सुरुवात झाली आहे असे समजायचे. जेवण भरवताना माणूस सरळ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली हवी, पहिला घास गिळला गेल्याची खात्री झाल्याखेरीज दुसरा देऊ नये आणि जेवणानंतर किमान अर्धा तास त्याला आडवे करू नये, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसांचा दाह होऊ शकतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. स्मृतिभ्रंश झालेल्यांची तगमग बहुधा संध्याकाळी वाढते, म्हणून दिवेलागणीच्या आधीच खोलीत भरपूर उजेड करायचा. ही सगळी कामे शिकता येतात आणि घरी वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाने ती शिकावीत असे मला कळकळीने वाटते, कारण शय्याव्रणे अज्ञानामुळेच अधिक होतात.

यापेक्षा अवघड होते ते हाक मारणे. आजी-आजोबा म्हटले की सन्मान दिला असे आपण धरून चालतो, परंतु आयुष्यभर ‘मास्तर’ म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ ‘आजोबा’ या हाकेला वळूनही पाहत नसत, आणि ‘गुरुजी’ म्हणताच हात पुढे करत. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांना विचारायच्या गोष्टींत आम्ही भर घातली. आधार कार्ड, वैद्यकीय तपासणी, आकस्मिक प्रसंगी कोणाला कळवायचे आणि अंत्यविधी कोणत्या पद्धतीने व्हावा, हे लिहून घेतले जातच होते. त्यात घरचे लोक यांना काय म्हणून हाक मारतात, शाळा कितवीपर्यंत झाली आणि तोंडपाठ काय येते, हे आम्ही विचारू लागलो. शेवटच्या प्रश्नाने नातेवाईक गोंधळतात. आईला काय पाठ येते हे मुलांना सहसा ठाऊक नसते.

धर्माविषयीही लिहायला हवे, कारण मनात शंका ठेवून येणारी कुटुंबे असतात. आमच्याकडे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सर्व राहतात. मृत्यू समोर दिसत असताना ख्रिस्ती माणसाला धर्मगुरू येऊन तैलाभ्यंग म्हणजे पवित्र तेल लावण्याचा संस्कार देतात, हिंदू माणसाच्या ओठांवर त्याच्या घरच्यांनी आणलेले गंगाजल ठेवले जाते आणि मुसलमान चाचांसाठी आम्ही त्यांच्या मुलाला वेळेत बोलावून घेतो. संध्याकाळी एका दालनात जपमाळ असते आणि दुसऱ्या दालनात हरिपाठ. ओवी आम्हा ख्रिस्ती मराठी माणसांनाही परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेले ख्रिस्तपुराण ओवीतच आहे.

परिचारिका भगिनीने साठच्या दशकात सांगितलेल्या त्या वाक्याचा खरा प्रत्यय मला एका वृद्ध दिवाणजींमुळे आला. मुंबईच्या दाणाबंदरात त्यांनी हिशेब लिहिण्याचे काम केले होते आणि पुढे धान्याचा बाजार वाशीला हलला तेव्हा तेही नवी मुंबईत आले. आमच्याकडे आले तेव्हा त्यांना मुलाचे नाव आठवत नव्हते. संध्याकाळ झाली की ते दाराशी जाऊन कडी ओढत, पेढीवर जायचे आहे असे म्हणत आणि अडवले की रडवेले होत. एकदा मी त्यांच्याजवळ बसून सहज सतराची औटकी, म्हणजे साडेतीनपट, विचारली. ‘साडेएकोणसाठ,’ ते म्हणाले. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे सगळे एका ठेक्यात सुरू झाले. आण्यांचा हिशेब १९५७ मध्ये गेला, शेर आणि मण काही वर्षांत गेले, आणि त्यांच्या डोक्यातून अलीकडची तीस-चाळीस वर्षेही गेली होती. तरीही सहाव्या-सातव्या वर्षी पंतोजींसमोर उभे राहून म्हटलेली साडेतीनपट जिथल्या तिथे होती. त्यानंतर रोज दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघे पाढे म्हणायला बसू लागलो. दाराची कडी ओढणे पूर्णपणे थांबले असे मी म्हणणार नाही, पण ते पुष्कळ कमी झाले आणि त्यांना झोपेची गोळी देण्याची गरज बहुतेक रात्री पडेनाशी झाली.

डॉक्टरांनी मला याचे कारण समजावले. अल्झायमरमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग आरंभीच्या काळातच बाधित होतो आणि नव्या आठवणी साठवण्याचे काम त्याच्याकडे असते, म्हणून सकाळचे जेवण विसरले जाते. लय, ठेका आणि वारंवार केलेला उच्चार यांतून पक्के झालेले मात्र वेगळ्या वाटांनी साठलेले असते आणि ते बरेच अधिक काळ टिकते.

मग मी प्रत्येकाचे पाठांतर शोधू लागले आणि ते वहीत लिहून ठेवू लागले. खाडीकाठच्या एका गावातील आगरी आजी आमच्याकडे होत्या. त्यांच्या कुटुंबाची भातशेती सिडकोच्या भूसंपादनात गेली होती. १९७० नंतर पंचाण्णव गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात मरण पावली, हे या भागात कोणी विसरलेले नाही. आजींना मात्र लेकीचा चेहराही ओळखू येत नव्हता. त्या तरुणपणी धवलारीण होत्या, लग्नात धवले गात असत. नातीने मोबाइलवर एक धवला लावला आणि आजींनी तिच्या पुढे जाऊन गायला सुरुवात केली. गाता गाता त्यांनी आपल्या खाचरांची नावे, बांधावरची झाडे आणि उघाडीचे, म्हणजे खाडीबांधावरच्या दाराचे, पाणी यांविषयी इतके सांगितले की लेक थक्क झाली. ती ज्या इमारतीत राहत होती ती नेमकी कोणत्या खाचरावर उभी आहे, हे तिला त्या दिवशी समजले. आम्ही ते सर्व लिहून घेऊन कुटुंबाला दिले. त्यानंतर लेक आठवड्यातून एकदा यायची ती वारंवार येऊ लागली, कारण आईशी करायला आता काहीतरी होते. आपल्याला न ओळखणाऱ्या आईसमोर गप्प बसून राहणे फार कठीण असते, आणि नातेवाइकांच्या भेटी कमी होण्यामागे निष्ठुरपणापेक्षा ही कोंडी अधिक असते असे माझे मत झाले आहे. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आवश्यकच आहे आणि त्याच्या आधारे न्यायाधिकरणाकडे दाद मागितलेली माणसेही मी पाहिली आहेत. परंतु आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य मुलांना धाक नको असतो, आईजवळ बसायचे कसे हे कोणीतरी दाखवायला हवे असते.

हा उपाय सर्वांना लागू पडतो असे मात्र कोणी समजू नये. एका मावशींना अंगाईगीत पाठ होते आणि ते ऐकले की त्यांना फार वर्षांपूर्वी दगावलेले बाळ आठवून आकांत होत असे. त्यांच्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहिले, ‘अंगाई म्हणू नये’. काहीजण शाळेत मार खातच पाढे शिकले होते. त्यांना पाढ्यांनी भीती वाटे, मग त्यांच्यासाठी भजन किंवा क्रिकेटच्या जुन्या संघातली नावे कामी येत. आजार पुढे सरकतो तसे पाठांतरही विरत जाते. दिवाणजींच्या शेवटच्या महिन्यांत शब्द गेले आणि बोटांचा ठेका उरला. तेव्हा मी पाढे म्हणत असे आणि ते माझ्या मनगटावर ठेका धरत.

शाळेतील माझ्या शेवटच्या काही वर्षांत आम्हाला प्रशिक्षणात वारंवार सांगितले जात असे की पाठांतर म्हणजे जुनाट शिक्षण. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून दूर जाण्यावर भर दिला आणि महाराष्ट्रात ज्ञानरचनावादाचा आग्रह सुरू झाला. न समजता घोकणे वाईट आहे, हे मला मान्य आहे. मुलाने स्वतः मोजून, जुळवून, चुकून शिकावे, हेही मान्य आहे. पण घोकंपट्टीबरोबर आपण सर्वांनी मिळून म्हणणेही वर्गातून घालवले, आणि ते घालवायला नको होते, असे मी आज वृद्धांच्या खोल्यांत वावरल्यानंतर अधिक ठामपणे म्हणते. समजून शिकलेली आणि मग आवाजात मुरलेली कविता माणसाजवळ सत्तर-ऐंशी वर्षे राहते. मुलाला ती देताना आपण त्याच्या म्हातारपणाचीही तरतूद करत असतो. आज शाळेत असलेली मुले वृद्ध होतील तेव्हा त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना त्यांच्याजवळ काय सापडेल, याची मला मनापासून काळजी वाटते.

या काळजीतूनच जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही पाचवीच्या मुलांना आश्रमात बोलावू लागलो. सुरुवातीला मुले गुच्छ आणि बिस्किटे घेऊन येत आणि रांगेने वाकून नमस्कार करून परत जात. मी विनंती केली की भेटवस्तू नकोत, त्याऐवजी मुलांनी वही आणावी. आता दोन-दोन मुले एका वृद्ध व्यक्तीजवळ बसतात, तिच्याकडून पाढा, ओवी, कोडे किंवा धवला लिहून घेतात आणि पुढच्या वेळी तो म्हणून दाखवतात. शिकवताना वृद्धांची बसण्याची ढबही बदलते. ज्यांना आठवणीचा आजार नाही, पण दिवसभर कोणाशी बोलण्याचे कारण नसते, त्यांना याचा सर्वांत अधिक लाभ झाला. निवृत्त गुरुजींनी तर आपल्याकडे येणाऱ्या मुलांचे अक्षर सुधारण्याचे कामही हाती घेतले आहे.

माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत आणि रात्रपाळी मी सोडली आहे. काही काळानंतर मलाही आमच्या संघाच्या वृद्ध भगिनींच्या घरी जावे लागेल. म्हणून पाठांतराची वही मी एका तरुण भगिनीच्या हाती दिली आहे आणि तिच्या सांगण्यावरून वहीत शेवटी माझेही पान तयार केले आहे : हाक ‘टीचर’, भाषा आधी कादोडी आणि मग मराठी, जपमाळ, दीडकी आणि औटकी. दिवाळीनंतरच्या सत्रापासून सहावीचा वर्गही येणार असल्याने आम्ही भेटीची वेळ तासाभराची केली आहे आणि अंथरुणावरच्या चौघांसाठी मुलांनी खोलीत कसे बसावे, किती मोठ्याने बोलावे आणि केव्हा थांबावे, हे ती भगिनी त्यांना आधी शाळेत जाऊन शिकवणार आहे.